बॅटरी वाचवायच्या नादात

आमच्या सणसरच्या पट्ट्यात छातीत मशीन बसवून घेणारा पयला गडी मीच. म्हंजी टाकं दाखवायला बारामतीला गेलो तवर मला तसं वाटत हुतं. तितं दवाखान्याच्या बाकड्यावर आमच्याच शिवंतली तिघं बसली हुती, आन् त्यातल्या एका म्हातारीचं तर दुसरं मशीन हुतं. ती माज्याकडं बगून म्हणली, "नवा दिसतुयास." शाळंची पायरी मी कदी चढलो न्हाय, पर पयल्या दिवशी वर्गातली पोरं कशी बगत असत्याल ते त्या बाकड्यावर कळलं.

मशीन बसायच्या आदीचं आदी सांगतो. गावात मला सोंगाड्या म्हणून वळखत्यात. कुणाची चाल, कुणाचा आवाज, कारखान्याच्या सभंत बोलणारा माणूस बोलायच्या आदी कसा खाकरतो, प्यालेला गडी कालव्याच्या कडंनं कसा जातो, समदं करून दावायचो. पडून दावणं तर माजं खास. उभ्या उभ्या असा कोसळायचो की बायामाणसं किंचाळायची, मंग मी एक डोळा उगडून बगायचो. त्याचं फळ मला मिळालं. एका सकाळी डेअरीच्या रांगंत किटली घिऊन उभा हुतो. डोळ्याम्होरं काजवं आलं, कानात शिट्टी वाजली, आन् मी खरोखरचा आडवा झालो. किटली सांडली. रांगंतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणला, "आबा, आज लई झ्याक जमलं, पर दूध कशाला सांडायचं?" मी डोळा उगडंना तवा कुठं त्यांला शंका आली.

बारामतीच्या दवाखान्यात तपासलं. डॉक्टरीणबाई तरणी पोरगी, लेकीच्या वयाची. ती म्हणली, "बाबा, तुमचं हृदय फार हळू चाललंय. मधेच ठोके चुकतायत."

मी म्हणलो, "बाई, मी समदंच हळू करतो. त्या येकट्यानं काय पाप केलं?"

ती हसली न्हाय. माणूस हसला न्हाय की मला घाम फुटतो. त्याच आठवड्यात डाव्या खांद्याच्या खाली, हाडाच्या बुडाशी मशीन बसलं. काड्यापेटीपरास बारकं. एवढ्याश्या वस्तूवर एवढा मोठा माणूस चालायचा म्हणल्यावर मला माजीच लाज वाटली.

घरी सोडताना बाईनं लई गोष्टी सांगितल्या. डावा हात काय दिस खांद्याच्या वर न्ह्यायचा न्हाय, मोबाइल डाव्या खिशात ठिवायचा न्हाय, गोळ्या चुकवायच्या न्हाईत. ते समदं आमच्या कारभारनीनं ध्यानात ठिवलं. माज्या ध्यानात एकच ऱ्हायलं. मी इचारलं हुतं, "बाई, ह्येची बॅटरी कवर जाईल?" ती म्हणली, "दहाएक वर्षं जाईल, बाबा. वापरावर असतं."

आता वापरावर असतं म्हणल्यावर माज्यासारख्यानं काय समजायचं? जलमभर मी उसाला पाणी दिलं ते हातात टॉर्च घिऊन. बॅटरी कशी वापरायची ते मला कुणी शिकवायला नगं. बटन कमी दाबायचं, आन् सेल उतरलं की पत्र्यावर उन्हात वाळत टाकायचं, आनखी चार दिस निघत्यात. तवा घरी आल्या आल्या मी ठरीवलं, छातीतली बॅटरी जपून वापरायची. चाललं की काळीज पळतं, काळीज पळालं की बॅटरी जाती, म्हणून चालायचं न्हाय. पाणी प्यालं की उठून बाहीर जावं लागतं, म्हणून पाणी बी बेतानं. आन् रोज सकाळी दारात बाज टाकायची, सदऱ्याची बटनं सोडायची आन् छाती उन्हाला करून बसायचं.

कारभारीण म्हणायची, "काय पापड वाळत घातल्यात का?"

मी म्हणायचो, "तुला न्हाय कळायचं. टेक्निकल हाय."

अशी बचत मी दोन-तीन महिनं केली. लोकं भेटायला यायची, मी बाजंवर पडल्या पडल्या हात वर करायचो, त्यो बी उजवा, आन् त्यो बी अर्धाच. पाय काडीवानी झालं. आन् जी चक्कर मशीन बसल्यावर जायला पायजे हुती, ती परत आली. पर ही निराळी हुती. आदीची चक्कर म्हंजी वायरमननं खटका वडावा तशी, एकदम अंधार. ही नवी चक्कर उठून उभं ऱ्हायलं की यायची. पायाखालची जमीन होडीवानी हलायची, आन् माणसांची तोंडं लांब जायची.

मी ती लपवली. भ्या एकच, मशीन बिघडलं असंल. बिघडलं असंल तर परत कापाकापी, आन् त्या बाकड्यावरच्या म्हातारीला परत तोंड दाखवायचं. म्हणून चक्कर आली की गोठ्याचा खांब धरायचो आन् वर बगायचो, जणू पत्रं किती गंजल्यात ते बगतोय. एकदा खांब लांब हुता म्हणून गाईची शेपटी धरली. गाईनं मंग काय केलं ते माज्या मांडीला अजून ठावं हाय.

आता ह्या गाईचं सांगायला पायजे, कारण समदं तिच्यावरच येऊन ठेपलं.

आमच्या दारात एकच जर्शी गाय. कालवड असल्यापासनं माज्या हाताखालची. तिला दुसऱ्याचा हात चालत न्हाय. दुसरं कुणी धारंला बसलं की पान्हा चोरती, दूध वर वडून धरती, आन् लई बळजबरी केली तर बादलीला लाथ घालती. मी आजारी पडल्यापासनं कारभारीण धार काडत हुती. गाईनं तिला निम्मं बी दूध दिलं न्हाय. दोगी बी हट्टी. रोज सकाळ-सांजंला गोठ्यात त्यांची अशी भांडणं चालायची की मला बाजंवर पडून कोण कुणाला बोलतंय ते कळायचं न्हाय.

पोरगा कारखान्याला ऊस व्हायच्या ट्रॅक्टरवर जातो. सांजंला दमून येतो. एक दिस त्येनं बादली बगितली, आईचा सुजलेला अंगठा बगितला, आन् म्हणला, "आबा, गाय इकून टाकू. तुमच्यानं आता धारंला बसणं हुयाचं न्हाय, आईनं किती दिस लाथा खायाच्या?"

त्येचं काय चुकलं नव्हतं. पर ह्या घरात माजा उपेग हुता तेवढा त्या गाईपाशी. शेतातलं पोरगा बगतो, घरातलं सूनबाई बगती, हिशोबाचं कारभारीण बगती. मला बगायला तेवढी गाय. पहाटं तिच्या कासंला हात लावला की ती हंबरायची. ती गेली की सकाळी उठायचं कशापायी? आन् जगात तेवढी एकच हुती जी मला कदी हसली न्हाय.

दोन दिसांनी हेडी आला. हेडी म्हंजी जनावरांचा दलाल, बाजारात गाईबैलांचं सौदं जुळवणारा. अंगणात बसला, गाईचं दात बगितलं, कास बगितली. मंग त्येनं खांद्यावरचा टॉवेल काडून हातावर टाकला. आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत न्हाईत. टॉवेलाखाली एकमेकाची बोटं दाबत्यात, बगणाऱ्याला काय कळत न्हाय. पोराचा हात टॉवेलाखाली गेला. मी समोर बाजंवर आडवा. तो हात दिसंनासा झाला आन् माजं भान गेलं. "थांबा!" म्हणून मी ताडकन उठून उभा ऱ्हायलो.

उभा ऱ्हायलो तेवढंच ध्यानात हाय. पुडं काय झालं ते दुसऱ्यांनी सांगितलं. मी दोन पावलं टाकली आन् सरळ त्या टॉवेलावर, दोगांच्या हातांवर आडवा पडलो. हेड्याचं मनगट माज्या पोटाखाली. म्हणत्यात त्येला वाटलं की मी सौदा मोडायला सोंग केलंय, आन् तो म्हणला, "आबा, उठा आता. इतकी वर्सं धंदा करतोय, पर सौदा मोडायला माणूस अंगावर घातलेला आजच बगितला."

कारभारीण पळत आली. तिनं माजं तोंड बगितलं आन् म्हणली, "हे सोंग न्हाय. पाणी आना."

हेडी घाबरून उठला. जाताना पोराला म्हणला, "मी पंधरा दिसांनी येतो. तवर एकाचं तरी नक्की करा, गाईचं न्हायतर म्हाताऱ्याचं."

दुसऱ्या दिवशी एसटीनं बारामतीला. कारभारीण एका अंगाला आन् खिडकी दुसऱ्या अंगाला, मला पडायला जागाच नव्हती. मनातून मी देवाला म्हणत हुतो, मशीनच बिघडलेलं निगू दे. मशीन बिघडलं तर दुरुस्त हुतंय. मी बिघडलो तर माज्या मापाचा पार्ट कुठं मिळायचा?

दवाखान्यात एका पोरानं छातीवर वाटीसारखं कायतरी ठिवलं आन् कॉम्प्युटरवर बटनं दाबली. म्हणला, "आता ठोके वाढवतो, घाबरू नका." आन् खरंच, मी गप पडलेला असताना काळीज पळाया लागलं. ट्रॅक्टर जागंवर उभा करून कुणी रेस वाडवावी तसं. मंग त्येनं हळू केलं. मी म्हणलो, "बाबा, तुज्या हातात रिमोट हाय, माज्या बायकोला दावू नगंस." तो हसला. मला वाईच बरं वाटलं.

मंग डॉक्टरीणबाई आली. "मशीन एकदम छान चालू आहे," ती म्हणली. माजं तोंड उतरलं. तिनं मला आडवं करून बीपी बगितलं, मंग उभं करून बगितलं. उभं केल्यावर तिच्या भिवया वर गेल्या आन् माज्या डोळ्याम्होरं होडी हलली. तिनं मला खुर्चीत बसवलं.

"बाबा, दिवसभरात पाणी किती पिता?"

मी तोंड उगडायच्या आदी कारभारीण बोलली, "चिमणी पीती तेवढं."

"आणि चालणं?"

"बाजंपासनं भाकरीपतुर."

बाई माज्याकडं वळली. "का हो? दिवसभर करता काय मग?"

मी छाती वाईच फुगवून सांगितलं, "बॅटरी वाचवतो."

बाईनं "म्हणजे?" असं इचारलं. मंग मी समदं सांगितलं. न चालण्याचं, कमी पाण्याचं, आन् रोज सकाळी उन्हात छाती वाळवायचं. टॉर्चचा सेल उन्हात टाकला की कसा चार दिस जास्त जातो ते बी समजून सांगितलं, म्हणलं शिकलेली हाय, उपेगाला येईल. ती पयल्या बारीला हसली न्हवती ना, त्येची समदी भरपाई झाली. चष्मा काडून डोळं पुसाया लागली. तो कॉम्प्युटरवाला पोरगा भिंतीकडं तोंड करून हलत हुता. मी बी हसलो, म्हणलं जमलं बाबा एकदा. मंग ध्यानात आलं की मी इनोद केलाच न्हवता.

बाईनं मंग खुर्ची जवळ वडली आन् नीट सांगितलं. मशीनचं काम काळीज हळू पडलं की त्येला ढकलायचं. ते काम ते करतंय. मी झोपून ऱ्हायलो काय आन् रानात गेलो काय, म्हणून मी जपून बॅटरीत मोठा फरक पडायचा न्हाय, आन् उन्हानं तर ती भरायची न्हाईच. "मशीन चालू आहे, बाबा. बंद तुम्ही पडलायत." पाणी न्हाय, चालणं न्हाय, म्हणून उठलं की रक्त पायात ऱ्हातं आन् डोक्याला पोचत न्हाय. तिनं बीपीची एक गोळी कमी केली. उठायचं कसं ते करून दावलं. आदी कुशीवर, मंग बसायचं, पाय लोंबते सोडून घोटं हलवायचं, मंग उभं ऱ्हायाचं, आन् उभं ऱ्हायल्यावर लगेच पळायचं न्हाय. चक्कर वाटली तर लाज न बाळगता हाय त्या जागी खाली बसायचं. कदी एकदम शुद्धच गेली तर मातूर घरी बसायचं न्हाय, तिच्याकडं यायचं.

मी इचारलं, "आन् धारंला बसलं तर चालंल का?"

"बसा की. उठताना मात्र घाई नको."

एवढं एक वाक्य घिऊन मी बारामतीवरनं घरी आलो. वाटंत बाटलीभर पाणी प्यालो. त्येचं म्होरं काय झालं ते एसटीच्या कंडक्टरला इचारा, मदीच दोनदा गाडी थांबवली त्येनं.

मंग सुरू झालं माजं उठायचं शिक्षण. साठीच्या पुडं माणूस उठायला शिकतोय म्हणल्यावर घरात तमाशाच. कुशीवर झालो की सूनबाई हळूच हसायची. घोटं हलवाया लागलो की शेजारी इचारायचा, "आबा, सायकल कुठवर गेली?" पर चार दिसांत होडी हलायची कमी झाली. सकाळी बांधापतुर, मंग कालव्याच्या पुलापतुर चालाया लागलो. खाली बसायचं तेवढं मातूर जमंना. चारचौघांत मधीच फतकल मारायची म्हंजी लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

ती लाज इंदापूरला गेली. तिकडं भाचीचं लगीन हुतं. मांडव माणसांनी भरलेला, अक्षता पडायला अवकाश, भटजी वेळंकडं बगत बसलेलं. मी भिंतीच्या कडंला उभा हुतो. एकदम तोंडं लांब जाया लागली. हाताशी खांब न्हवता, शेपटी न्हवती. बाईचं बोलणं आठवलं, आन् मी हुतो तितंच भिंतीला पाठ लावून मांडी घालून खाली बसलो.

माज्या शेजारी एक फेटेवाला म्हातारा उभा हुता. त्येनं माज्याकडं बगितलं आन् तो बी पटकन बसला. त्येच्या शेजारचा बसला. त्येच्या शेजारच्या बाईनं पोरांला हाका मारल्या, "या रं, पंगत बसली!" बगता बगता भिंतीच्या कडंनं पार दारापतुर रांग बसली. एक वाढपी पत्रावळ्या घिऊन पळत आला आन् वाढाया बी लागला. माज्याम्होरं पत्रावळी पडली, वर मीठ पडलं. नवरदेवाचा चुलता वरडत आला, "आरं अक्षता न्हाईत पडल्या अजून, जेवाया कोण बसलं?" समद्यांनी एकमेकांकडं बगितलं आन् मंग समदी रांग हळूहळू माज्याकडं बोट कराया लागली.

मी म्हणलो, "मी जेवाया न्हाय, चक्कर आली म्हणून बसलोय."

फेटेवाला चिडून म्हणला, "मंग बसायच्या आदी सांगायचं न्हाय का?"

पोरगा तितंच हुता. मला वाटलं, आता ह्यो पावण्यांत लाजला. तो वाकून माज्यापाशी बसला, म्हणला, "पडला न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मंग बसा निवांत." आन् बगा, बऱ्याच दिसांनी त्येच्या तोंडावर हसू आलं. कारण ह्या बारीला मला कुणी उचलून आनलं न्हवतं. मीच चक्करला वळखलं, मीच बसलो, आन् वाईच टायमानं मीच उठलो. घरी येताना गाडीत तो म्हणला, "आबा, धारंला बसून बगा एकदा. पर आई पाशी पायजे."

हेड्याचा दिस जवळ आला हुता. मी धारंला बसाया लागलो. डावा हात आकडला हुता, पयल्या दोन दिसांत बोटांत गोळं आलं. गाईनं मला आदी वळख दिली न्हाय. इतक्या दिसांनी आला म्हणून रुसली असंल. तिसऱ्या दिवशी कासंला कोमट पाणी लावलं, तिच्या पोटाला डोकं टेकलं, आन् ती हळूच हंबरली. बादलीत पयली धार वाजली. मी रडलो, पर गाईच्या अंगाआड रडलो, त्यामुळं कुणाला सांगायचं कारण न्हाय.

पंधरा दिसांनी सांजंच्या धारंलाच हेडी हजर. पोरगा बी आलेला. दोगं गोठ्याच्या दारात उभी. ह्या टायमाला टॉवेल खांद्यावरच हुता, पर मी त्याच्याकडंच बगत हुतो. धार काडली. बादली फेसानं भरली. हेडी म्हणला, "दूध झ्याक हाय. आता आबा उठत्यात का ते बगू."

तितं खरी परीक्षा. लई वेळ उकिडवा बसलो हुतो, मांड्या बधिर. उठावं म्हणलं आन् डोळ्याम्होरं ती वळखीची होडी हलली. आदीचा मी असतो तर हेड्याला दाखवायला ताडकन उठलो असतो आन् दुधासकट त्येच्या पायावर गेलो असतो. मी बादली बाजूला सरकवली आन् खाली शेणामुतातच बूड टेकलं. पाय लांब केलं. घोटं हलवलं. कारभारनीनं तांब्या दिला, सगळा प्यालो. गाय रवंथ करत हुती. हेडी एका पायावरनं दुसऱ्या पायावर झाला. होडी हळूहळू काठाला लागली. मंग खांब धरला, उभा ऱ्हायलो, वाईच थांबलो, बादली उचलली आन् चालत दारापतुर आलो. धोतराला मागनं शेण लागलं हुतं, पर पाय जमिनीवर हुतं.

पोरगा हेड्याला म्हणला, "पावणं, च्या घिऊन जावा. गाय न्हाय इकायची."

हेडी हसला, म्हणला, "आबा, जिकला तुमी."

मला लई चढलं. हेडी च्या पिऊन गेला, पोरगा ट्रॅक्टरकडं गेला, आन् मी बादली खाली ठिवून कारभारनीला म्हणलो, "बगितलंस का? माज्यापायी गाय ऱ्हायली. ह्या घरात अजून माजी किंमत हाय."

तिनं फडकं घिऊन दूध गाळाया घितलं. माज्याकडं वळून बी बगितलं न्हाय. म्हणली, "गाय ठिवली ती दूध देती म्हणून. तुमाला कशापायी ठिवलंय ते अजून ठरायचं हाय. धोतर बदला आन् शेण काडा."